इट्स की इट’स? नियम पाठ असूनही पुन्हा पुन्हा होणारी चूक

नियम बहुतेकांना तोंडपाठ असतो. अपॉस्ट्रॉफी असेल तर ‘इट इज’, नसेल तर ‘त्याचं’. विचारलं तर लगेच सांगतील. आणि तरीही घाईत लिहिलेल्या मेलमध्ये, नोकरीच्या अर्जात, प्रेझेंटेशनच्या पहिल्याच स्लाइडवर चुकीचं रूप जाऊन बसतं. कुणीतरी दाखवून दिलं की दुरुस्ती होते आणि पुढच्या मेलमध्ये पुन्हा तेच. हा प्रश्न नुसत्या अज्ञानाचा असता तर एकदा समजावून सुटला असता. तो सुटत नाही, कारण नियम आठवायच्या आधीच बोटांनी शब्द टाइप करून टाकलेला असतो. म्हणून इथे भर आहे तो चूक शिरते कुठून आणि लिहून झाल्यावर ती खात्रीने पकडायची कशी, यावर.

आधी लिहिण्याची एक सोय ठरवून घेऊ. इट्स-इट’स यांसारख्या जोड्यांचा उच्चार सारखा असल्यामुळे देवनागरीत त्या एकसारख्याच दिसतात. त्यामुळे इंग्रजीत जिथे अपॉस्ट्रॉफी आहे तिथे इथेही ती दिली आहे: इट’स, यू’र, हू’ज, दे’र, ही’ज. इंग्रजीत नसेल तिथे इथेही नाही: इट्स, युअर, हूज, देअर, हिज. यातलं ‘देअर’ दोन स्पेलिंगांनी लिहिलं जातं. टी-एच-ई-आय-आर याला मालकीचं देअर म्हणू आणि टी-एच-ई-आर-ई याला जागेचं देअर.

चूक शिरते कुठून

पहिली वाट कानाची. लिहिताना आपण मनातल्या मनात वाक्य बोलत असतो आणि बोटं त्या आवाजामागे धावतात. इट्स आणि इट’स यांच्या उच्चारात काहीही फरक नाही. हूज आणि हू’ज यांच्यातही नाही. तिन्ही ‘देअर’ बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी एकच असतात. म्हणूनच ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेही इथे सर्रास चुकतात. आपल्याकडे यात आणखी एका जोडीची भर पडते: हिज आणि ही’ज. मूळ इंग्रजीत या दोहोंतला स्वर वेगळा ऐकू येतो. पण मराठी बोलताना ह्रस्व-दीर्घ इकारावर आपण फारसा भर देत नाही, आणि तीच सवय इंग्रजीत येते. मग ‘हिज कमिंग टुमॉरो’ असं लिहिलेलं वाचूनही कानाला काही खटकत नाही. कान इथे साक्षीदार म्हणून कुचकामी आहे, हे एकदा मान्य करून टाकावं.

दुसरी वाट नामांच्या सवयीची. शाळेत आपण आधी काय शिकतो? मालकी दाखवायची असेल तर अपॉस्ट्रॉफी आणि एस. टीचर’स टेबल, डॉग’स टेल. हे डोक्यात इतकं पक्कं बसतं की ‘त्याची शेपूट’ म्हणायचं झालं की हात आपोआप इट’स टेल लिहितो. तर्काला धरूनच आहे ते. फक्त सर्वनामांना तो तर्क लागू होत नाही. मराठीतही नामांना एक वागणूक आणि काही सर्वनामांना दुसरी, असंच आहे. नामाला आपण सरळ षष्ठीचा प्रत्यय लावतो: शिक्षकाचा, मुलीची, झाडाचे. पण ‘मी’ला ‘चा’ लावून कुणी ‘मीचा’ म्हणत नाही, ‘तू’चं ‘तूचा’ करत नाही. तिथे माझा आणि तुझा ही तयार रूपं आहेत. इंग्रजीतही सर्वनामांची मालकीची रूपं अशीच तयार आहेत: माय, युअर, हिज, हर, इट्स, अवर, मालकीचं देअर, हूज. यातल्या एकालाही अपॉस्ट्रॉफी नाही. एकट्याने वापरायची माइन, युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स हीसुद्धा तशीच, चिन्हाविना. ‘युअर्स सिन्सिअरली’मध्ये अपॉस्ट्रॉफी घातलेली पत्रं अजूनही दिसतात. ती चूकच आहे, कुठल्याही शैलीत बसत नाही.

गोंधळ खरा वाढतो तो यामुळे की नामाला लागलेली अपॉस्ट्रॉफी दोन कामं करते. ‘द टीचर’स टेबल’मध्ये ती मालकीची आहे आणि ‘द टीचर’स कमिंग’मध्ये ती ‘टीचर इज’मधल्या गळालेल्या अक्षराची आहे. सर्वनामाला लागलेली अपॉस्ट्रॉफी मात्र एकच काम करते: काहीतरी गळालंय एवढंच सांगते. सर्वनाम आणि अपॉस्ट्रॉफी एकत्र दिसली की मालकीचा विचार डोक्यातून पूर्ण काढून टाकायचा.

तिसरी वाट आपल्याच भाषेतून येते आणि माझ्या मते मराठी लिहिणाऱ्यांसाठी हीच सगळ्यात फसवी. इंग्रजी व्याकरण समजावताना बरेच जण एक युक्ती सांगतात: वाक्याचं मराठी करा, ‘चा-ची-चं’ आलं तर मालकीचं रूप, ‘आहे’ आलं तर अपॉस्ट्रॉफीचं. ऐकायला पटतं. पण मराठीत षष्ठी फक्त मालकीसाठी येत नाही. आपण म्हणतो, ‘तुझं बरोबर आहे.’ इंग्रजीत ते होतं यू’र राइट. मराठीतलं ‘तुझं’ डोक्यात असलं की बोटं ‘युअर राइट’ टाइप करतात. ‘तुमचं चुकतंय’ याचं होतं यू’र राँग. इथेही ‘तुमचं’ आडवं येतं. ‘त्याचं लग्न झालंय’ याचं ही’ज मॅरीड. लिहिलं जातं ‘हिज मॅरीड’. ‘युअर वेलकम’ ही चूक तर इतकी पसरली आहे की वाचणाऱ्यालाही ती खटकत नाही. ‘तुमचं स्वागत आहे’ हे मनात असतं, स्वागत हे नाम आहे, म्हणून युअर. इंग्रजी वाक्यात मात्र ‘वेलकम’ हे विशेषण आहे आणि पूर्ण वाक्य ‘यू आर वेलकम’ असं आहे.

उलट्या बाजूनेही ही युक्ती दगा देते. ‘कुत्र्याने शेपूट हलवली’ या मराठी वाक्यात मालकीचा शब्दच नाही, कारण शेपूट कुणाची हे उघड आहे. इंग्रजीला तिथे इट्स लागतंच: द डॉग वॅग्ड इट्स टेल. ‘कंपनीने आपलं नाव बदललं’ यात आपण ‘आपलं’ म्हणतो, ‘तिचं’ नाही. मराठीतून इंग्रजीकडे जाताना इट्स हा शब्द मनात उगवतच नाही, मागाहून घाईघाईने घातला जातो, आणि घाईत घातलेला शब्द बहुतेकदा अपॉस्ट्रॉफी घेऊन येतो.

तेव्हा मराठी अर्थावरून ठरवू नका आणि उच्चारावरूनही नाही. मग कशावरून?

उपाय: अपॉस्ट्रॉफी उघडून बघा

अपॉस्ट्रॉफी ही गळालेल्या अक्षराची खूण आहे. सोळाव्या शतकात ती फ्रेंचमधून इंग्रजी छपाईत आली तीसुद्धा याच कामासाठी. आपल्याला ही कल्पना नवी नाही. ‘सः’ आणि ‘अहम्’ एकत्र येऊन ‘सोऽहम्’ होतं तेव्हा गळालेल्या ‘अ’च्या जागी अवग्रह लिहितात, तसंच काहीसं. रोजच्या बोलण्यात तर आपण क्षणाक्षणाला शब्द असे आवळत असतो. ‘मी येतो आहे’चं ‘मी येतोय’, ‘ती गेली आहे’चं ‘ती गेलीय’, ‘काय झालं आहे’चं ‘काय झालंय’. आपण फक्त मध्ये खूण करत नाही. ‘येतोय’ची फोड सांगा म्हटलं तर कुठलाही मराठी माणूस विचार न करता ‘येतो आहे’ असं सांगेल. हेच इंग्रजीत करायचं.

वाक्यात इट’स दिसलं की त्या जागी मोठ्याने ‘इट इज’ म्हणा. जमलं नाही तर ‘इट हॅज’ म्हणा. वाक्य उभं राहिलं तर अपॉस्ट्रॉफी बरोबर. दोन्हींनी मोडलं तर ती काढून टाका. यू’रचं ‘यू आर’, दे’रचं ‘दे आर’, हू’जचं ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’, ही’जचं ‘ही इज’ किंवा ‘ही हॅज’. अपॉस्ट्रॉफी नसलेल्या शब्दाची तपासणी उलट दिशेने: तिथे फोड घालून बघा. युअरच्या जागी ‘यू आर’ घातल्यावर वाक्य सरळ चाललं तर अपॉस्ट्रॉफी राहून गेली आहे.

एक वाक्य घेऊन करून बघू. समजा कुणी लिहिलं आहे: ‘युअर राइट, द टीम हॅज लॉस्ट इट’स बेस्ट प्लेअर अँड देअर नॉट शुअर हूज नेक्स्ट.’ यातलं देअर जागेचं आहे, म्हणजे शेवटी आर-ई. वाचायला वाक्य अगदी गुळगुळीत वाटतं. आता एकेक शब्द उघडू. युअरच्या जागी ‘यू आर’ घाला: ‘यू आर राइट’. व्यवस्थित चाललं, म्हणजे हवं होतं यू’र. पुढे इट’स आहे, ते उघडा: ‘द टीम हॅज लॉस्ट इट इज बेस्ट प्लेअर’. मोडलं. ‘इट हॅज बेस्ट प्लेअर’ घालूनही मोडलं. म्हणजे अपॉस्ट्रॉफी काढा, इट्स. तिसरं देअर: ‘दे आर नॉट शुअर’ बरोबर बसतं, म्हणून दे’र. शेवटचं हूज: ‘हू इज नेक्स्ट’ बसतं, म्हणून हू’ज. चार जागा, चारही चुकलेल्या, आणि स्पेलिंग तपासणारा प्रोग्रॅम यातल्या एकाखालीही लाल रेघ ओढणार नाही, कारण चारही शब्द शब्दकोशात आहेत.

यात एक गोष्ट नजरेतून सुटू नये. ‘युअर राइट’ हे दोनच शब्द सुटे घेतले तर ते चूक आहेत असं म्हणता येत नाही. ‘इट’स युअर राइट’ म्हणजे तो तुमचा हक्क आहे. ‘टर्न टु युअर राइट’ म्हणजे उजवीकडे वळा. दोन्ही बिनचूक. म्हणून तपासणी नेहमी पूर्ण वाक्यात करायची, दोन शब्दांचा तुकडा तोडून नाही.

उघडूनही गोंधळ उरतो तिथे

‘हॅज’चा विसर पडतो, हे पहिलं कारण. ‘इट’स बीन ए लाँग डे’ या वाक्यात ‘इट इज बीन’ घालून बघितलं की वाक्य मोडतं, आणि लिहिणारा घाबरून अपॉस्ट्रॉफी काढून टाकतो. तिथे फोड ‘इट हॅज बीन’ अशी आहे. इट’सनंतर बीन, गॉन, गॉट, बिकम अशी रूपं आली की ‘हॅज’ घालून बघायचं विसरू नका. ‘इट वॉज’चं मात्र इट’स होत नाही. भूतकाळातल्या वाक्यात इट’स आलं असेल आणि अर्थ ‘होतं’ असा असेल, तर तिथे इट वॉज असंच पूर्ण लिहावं लागेल.

दुसरी अडचण वाक्याच्या शेवटी. ‘आय डोन्ट नो व्हेअर इट’स’ असं वाक्य उघडलं तर ‘इट इज’ बिनचूक बसतं, म्हणजे फोडीची परीक्षा पास. तरीही वाक्य चूक आहे. क्रियापदानंतर पुढे काही उरलं नसेल तर त्याच्यावर जोर येतो, आणि जोर आलेला शब्द आवळता येत नाही. ‘आय डोन्ट नो व्हेअर इट इज’ असंच हवं. ‘आर दे रेडी?’ याला उत्तर ‘येस, दे आर’. ‘येस, दे’र’ कधीच नाही. नकारार्थी रूप मात्र शेवटी चालतं: ‘नो, दे आरन्’ट’.

तिसरी जागा म्हणजे आय-एन-जीने संपणारा शब्द. ‘आय डोन्ट माइंड युअर आस्किंग’, म्हणजे तुम्ही विचारलंत याचं मला काही वाटत नाही. पुढे ‘आस्किंग’ दिसल्याबरोबर मन म्हणतं, हे चालू वर्तमानकाळाचं क्रियापद आहे, तेव्हा यू’र. उघडून बघा: ‘आय डोन्ट माइंड यू आर आस्किंग’. नाही बसत. ‘आस्किंग’ हे इथे नामाचं काम करतंय, ‘तुमचं विचारणं’. बोलताना लोक ‘माइंड यू आस्किंग’ही म्हणतात आणि ते चालतं; पण यू’र कुठल्याच परिस्थितीत चालणार नाही. इथे मराठी ‘तुमचं विचारणं’ नेमकं मदतीला येतं हे खरं, पण तेवढ्यावरून त्या युक्तीवर पुन्हा भरवसा ठेवू नका.

तीन देअर

हे त्रिकूट वेगळं काढून सांगावं लागतं, कारण अपॉस्ट्रॉफीने फक्त एक सुटतं. उरलेली दोन स्पेलिंगवर अडतात. दे’र आधी फोडीने बाजूला करा. मग राहतात मालकीचं आणि जागेचं.

जागेचं देअर हे हिअर आणि व्हेअर यांच्या घरातलं. तिन्हींची स्पेलिंगं शेजारी लिहून पाहा: इथे, तिथे, कुठे या तिन्ही शब्दांत एच-ई-आर-ई ही चार अक्षरं आहेत. पण चूक या ‘तिथे’ अर्थाच्या देअरमध्ये सहसा होतच नाही. ती होते ‘देअर इज’ आणि ‘देअर आर’मध्ये, जिथे ‘तिथे’ असा अर्थच नसतो. ‘खोलीत दोन खुर्च्या आहेत’ या वाक्यात मराठीला कुठल्याही जादा शब्दाची गरज पडत नाही. इंग्रजी मात्र ‘देअर आर टू चेअर्स इन द रूम’ असं म्हणतं. या देअरला अर्थ चिकटलेला नसल्यामुळे त्याचं स्पेलिंग कुठल्याच गोष्टीशी जोडलं जात नाही आणि हात हवं ते लिहून टाकतो.

यावर एक साधा ठोकताळा आहे. देअरनंतर लगेच इज, आर, वॉज, वेअर, विल बी, हॅज बीन यांपैकी काही आलं असेल तर ते जागेचंच देअर, शेवटी आर-ई. मालकीच्या देअरनंतर क्रियापद येऊच शकत नाही. त्याला मागोमाग नाम लागतं, फार तर मध्ये एखादं विशेषण. देअर हाउस, देअर न्यू हाउस. आणि नाम पुढे नसेल तर ते ‘देअर्स’ होतं: द हाउस इज देअर्स. हे देअर्स आणि ‘देअर इज’चं आवळलेलं देअर’स यांच्यातही गल्लत होते, उघडून बघितलं की लगेच कळतं.

मालकीचं देअर हल्ली एका व्यक्तीसाठीही वापरलेलं दिसेल: ‘समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला’. छत्री कुणाची ते माहीत नाही, माणूस पुरुष की स्त्री तेही माहीत नाही, म्हणून देअर. हा वापर इंग्रजीत शतकानुशतकं चालत आलेला आहे. एकवचन आहे म्हणून तिथे स्पेलिंग बदलायचं कारण नाही.

हूज आणि हू’ज

प्रश्नार्थक वाक्यात ही जोडी सोपी आहे. ‘हूज पेन इज धिस?’ म्हणजे कुणाचं. ‘हू’ज ॲट द डोअर?’ म्हणजे कोण आहे. अडतं ते दोन वाक्यं जोडताना. ‘आय नो ए वुमन हू’ज ए डॉक्टर’, म्हणजे मी डॉक्टर असलेल्या एका बाईंना ओळखतो. ‘आय नो ए वुमन हूज सन इज ए डॉक्टर’, म्हणजे त्यांचा मुलगा डॉक्टर आहे. दोन्ही वाक्यांची सुरुवात एकच आहे, म्हणून हूज टाइप करताना पुढे काय येणार हे बोटांना ठाऊक नसतं. इथे लिहितालिहिता ठरवायला जाऊ नका. वाक्य पूर्ण होऊ द्या, मग मागे येऊन उघडा.

हूज फक्त माणसांसाठीच, असा समज आहे आणि त्यापायी लोक वस्तूंच्या बाबतीत अवघड वाक्यरचना करत बसतात. तशी गरज नाही. ‘ए हाउस हूज रूफ लीक्स’ हे शुद्ध इंग्रजी आहे.

जुन्या कागदपत्रांत उलटं दिसलं तर

नियम नीट शिकलेल्या माणसाचा विश्वास डळमळीत करणारी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेच्या हस्तलिखितात, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, ‘इट’स इन्स्पेक्शन लॉज’ असे शब्द आहेत. अर्थ मालकीचा, आणि तरीही अपॉस्ट्रॉफी. ती लिहिणाऱ्याची चूक म्हणता येत नाही. त्या काळात मालकीसाठी इट’स लिहिणं सर्रास होतं, आणि ‘इट इज’चं आवळलेलं रूप म्हणून ‘’टिस’ जास्त चालायचं.

त्याच्याही मागे गेलं तर इट्स हा शब्दच नवा असल्याचं दिसतं. जुन्या इंग्रजीत निर्जीव वस्तूसाठीही मालकीचं रूप हिज हेच होतं. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये मिठाने आपली चव गमावली तर, या वाक्यात मिठाच्या चवीसाठी ‘हिज’ वापरलं आहे. त्या मूळ छपाईत इट्स हा शब्द एकदाही नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो लेखी इंग्रजीत दिसू लागला, नामांच्या धर्तीवर अपॉस्ट्रॉफी घेऊन बराच काळ वावरला, आणि एकोणिसाव्या शतकात त्याने ती टाकली. हिज, हर्स, अवर्स या आपल्या भावंडांच्या रांगेत तो तेव्हा नीट बसला. आज कुणी ‘मालकी आहे तर अपॉस्ट्रॉफी हवीच’ असं म्हणत असेल, तर तो दोनशे वर्षांपूर्वीच्या लिहिणाऱ्यांसारखाच विचार करतोय. चूक समजण्यासारखी आहे. पण आज ती चूकच धरली जाते.

किरकोळ पण वारंवार येणारं

एसनंतर अपॉस्ट्रॉफी देऊन लिहिलेलं आय-टी-एस हे रूप इंग्रजीत अस्तित्वातच नाही. दिसलं की डोळे मिटून काढा.

लेट’स म्हणजे ‘लेट अस’, चला आपण करू. अपॉस्ट्रॉफीशिवायचं लेट्स म्हणजे ‘करू देतो’. ‘लेट’स गो’ आणि ‘शी लेट्स हिम गो’. फोड केली की संपलं.

वी’र, वेअर आणि व्हेअर यांत मराठी उच्चाराने होणारी सरमिसळ मोठी आहे. ‘वी आर’ बसलं तर वी’र, भूतकाळ असेल तर वेअर, कुठे विचारायचं असेल तर व्हेअर, आणि त्यात पुन्हा ते एच-ई-आर-ई.

‘शुड’व्ह’, ‘वुड’व्ह’ ऐकून ‘शुड ऑफ’, ‘वुड ऑफ’ लिहिणं हाही याच जातीचा घोटाळा. ती ‘शुड हॅव’ची आवळलेली रूपं आहेत. तिथे ‘ऑफ’ला काही काम नाही.

आणि एक अपवाद, जो माहीत असलेला बरा. सर्वनामांना मालकीची अपॉस्ट्रॉफी नाही हे खरं, पण वन, समबडी, एव्हरीवन, नोबडी अशा अनिश्चित सर्वनामांना ती लागते: वन’स ड्यूटी, समबडी’स बॅग, एव्हरीवन’स फेव्हरिट. यांना माझा-तुझासारखी तयार रूपं नाहीत, म्हणून ती नामांसारखी वागतात. वर दिलेली यादी तयार रूपांची आहे. तिच्याबाहेरच्या सर्वनामाला अपॉस्ट्रॉफी दिसली तर घाईने पुसू नका.

मशीनवर किती विसंबायचं

फोनचा कीबोर्ड बऱ्याचदा स्वतःहून अपॉस्ट्रॉफी घालतो. आय-टी-एस टाइप केलं की तो इट’स करून देतो आणि आपण पुढे गेलेलो असतो. ही सवय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, आणि फोनवरून कामाचे मेल लिहिणाऱ्यांनी ती बंद करावी असं मला ठामपणे वाटतं. न मागता घातलेली दुरुस्ती तपासणं हे आपण स्वतः केलेली चूक पकडण्यापेक्षा अवघड असतं, कारण तिथे आपण काही टाइप केल्याची आठवणच नसते. व्याकरण तपासणारे प्रोग्रॅम पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत आणि सरळ वाक्यातली चूक बहुतेकदा दाखवतात. लांबलचक, जोडवाक्यांच्या मजकुरात मात्र तेही चकतात, कधी बरोबर शब्दाखालीच रेघ ओढतात. त्यांनी सुचवलेला बदल स्वीकारायच्या आधी फोड करून बघायला दोन सेकंद लागतात.

महत्त्वाच्या मजकुरासाठी शोध वापरा. लिहून झाल्यावर कंट्रोल आणि एफ दाबा, शोधाच्या चौकटीत नुसती अपॉस्ट्रॉफी टाका आणि सापडेल ती प्रत्येक जागा उघडा. मग आय-टी-एस शोधा, वाय-ओ-यू-आर शोधा, टी-एच-ई-आय-आर आणि टी-एच-ई-आर-ई शोधा, डब्ल्यू-एच-ओ-एस-ई शोधा. पानभर मजकुराला फार वेळ लागत नाही, आणि वाचता वाचता डोळा जसा चुकीवरून घसरतो तसा इथे घसरत नाही, कारण प्रत्येक शब्द एकटा समोर येतो.

औपचारिक अहवाल, अर्ज किंवा प्रबंध असेल तर काम आणखी सोपं आहे. तशा लिखाणात आवळलेली रूपं टाळायचा प्रघात आहेच. सगळीकडे इट इज, यू आर, दे आर असं पूर्ण लिहा. मग इट, यू, दे किंवा हू यांना चिकटलेली एकही अपॉस्ट्रॉफी त्या मजकुरात असायला नको. शोधात एखादी निघालीच, तर ती एकतर उघडायची राहिली आहे किंवा मालकीच्या जागी चुकून पडली आहे. दोन्हीकडे ती जायलाच हवी.

शोध घेताना एवढं पाहा, की अपॉस्ट्रॉफी दोन आकारांत येते: टाइपरायटरसारखी सरळ उभी आणि छापील पुस्तकात असते तशी वळलेली. संगणकाच्या लेखी ही दोन वेगवेगळी अक्षरं आहेत. काही प्रोग्रॅम एकीचा शोध घेतला की दुसरीही दाखवतात, काही नाही दाखवत. दुसरीकडून चिकटवलेला मजकूर असेल तर त्यात दोन्ही मिसळलेल्या असू शकतात, तेव्हा शोध दोनदा घ्या, एकदा सरळ टाकून आणि एकदा मजकुरातलीच वळलेली कॉपी करून.